ए ड्राइव्हवर जतन केलेली फाइल

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, जुने संगणक अभ्यासायला मी बसले, तेव्हा पहिले काही दिवस नुसत्या कौतुकात गेले. 1977 चा ॲपल टू, 1981 चा 4.77 मेगाहर्ट्झचा आयबीएम पीसी, 1982 चा कमोडोर 64, असे एकेक यंत्र काहीही इन्स्टॉल न करता टॅबमध्ये सुरू होते. ते सुरू कसे करावे हे इथे सांगत नाही, कारण तेवढे सर्वांनाच जमते. मला सांगायचे आहे ते ज्या एका गोष्टीत मी फसले तिच्याबद्दल, आणि ते लिहितानाही मला अजून स्वतःचाच राग येतो.

वर्डस्टार हे आयबीएम पीसीवरचे लेखनाचे जुने सॉफ्टवेअर शिकायचे म्हणून मी अभ्यासाच्या नोंदी वर्डस्टारमध्येच लिहू लागले होते. त्यात बाणांच्या कळांवर भिस्त नसते. कंट्रोल दाबून ठेवून ई, एस, डी आणि एक्स या कळांनी वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली जायचे असते, आणि या चार कळा कीबोर्डवर बसतातही त्याच दिशांना. ईच्या शेजारच्या डब्ल्यूने मजकूर सरकून वरची एक ओळ दिसू लागते. दोन तासांत बोटांना हे सारे वळण लागले आणि त्या वळणानेच घात केला. मी कंट्रोल के, एस दाबून फाइल जतन केली, वरची ओळ पाहण्यासाठी कंट्रोल डब्ल्यू दाबले, आणि ब्राउझरने टॅब बंद करून टाकला. कंट्रोल डब्ल्यू हा ब्राउझरचा स्वतःचा आदेश असल्यामुळे नेहमीच्या खिडकीत तो आतल्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. कंट्रोल टीचेही तसेच आहे: वर्डस्टारमध्ये त्याने पुढचा शब्द खोडला जातो, ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडतो.

टॅब गेल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण फाइल तर मी जतन केली होती. यंत्र पुन्हा सुरू करून फाइलींची यादी दाखवणारा डीआयआर हा आदेश दिला, तेव्हा यादीत ती फाइल नव्हती.

हे नीट समजून घ्या, कारण पडद्यावरचा एकही संदेश तुम्हाला याची जाणीव करून देणार नाही. एम्युलेटर सुरू होताना सर्व्हरवरून फ्लॉपीची इमेज, म्हणजे त्या चकतीतला सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये, उतरवून घेतो आणि तिची प्रत मेमरीत ठेवतो. वर्डस्टार ए ड्राइव्हवर, म्हणजे फ्लॉपीवर, लिहिते म्हणजे या प्रतीवर लिहिते, आणि त्याच्या दृष्टीने ते खरोखरच जतन झालेले असते. टॅब बंद झाला की प्रत नाहीशी होते. सर्व्हरवरची मूळ इमेज जशीच्या तशी राहते, आणि पुढच्या वेळी तीच कोरी प्रत पुन्हा उतरते. काही एम्युलेटर बदल ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात, पण खासगी खिडकीत काम केले किंवा साइटचा डेटा पुसला, की तेही जाते. म्हणून पहिल्याच दिवशी एक ओळीची फाइल तयार करा, जतन करा, टॅब मुद्दाम बंद करा आणि परत येऊन पाहा. फाइल दिसली तरी प्रत्येक बैठकीच्या शेवटी इमेज स्वतःच्या संगणकावर डाउनलोड करून ठेवा. तशी सोयच नसेल, तर ते यंत्र पाहण्यासाठी आहे, काम करण्यासाठी नव्हे.

यावर एका जाणत्या माणसाने मला सल्ला दिला होता की, यंत्राच्या स्थितीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी मेमरीत असलेल्या सगळ्याची जशीच्या तशी नोंद, घेत जावे. मला हा सल्ला पटत नाही. स्नॅपशॉट बहुधा त्याच एम्युलेटरमध्ये उघडतो, कधी कधी त्याच्या त्याच आवृत्तीतच, आणि त्यातला मजकूर सहज वेगळा काढता येत नाही. खेळासाठी तो ठीक आहे. सगळे काही आधीच बसवून दिलेली यंत्रे वाटणाऱ्या मार्गदर्शकांबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही, कारण त्यांच्या यंत्रावर काही बिघडले की नेमके कुठे पाहायचे, हेच आपल्याला ठाऊक नसते.

बाकीच्या अडचणींना मात्र घाबरू नका. कमोडोर 64 वर लोडचा आदेश देऊन मिनिटभर काहीच घडले नाही, तर एम्युलेटर अडकलेला नसतो. त्याचा 1541 ड्राइव्ह मुळातच सेकंदाला जेमतेम 400 बाइटांच्या आसपास वाचत असे. ॲपल टूवर 1979 चे व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट उघडलेत आणि वरचा बाण चालेना, तर दोष तुमचा नाही. त्या यंत्राला डावा आणि उजवा असे दोनच बाण होते, आणि स्पेसबार दाबला की तेच दोन बाण वर-खाली नेऊ लागत. मला हे मॅन्युअलच्या सुरुवातीच्या पानांत सापडले, तेही अर्धा तास चरफडल्यानंतर. स्कॅन केलेली मॅन्युअले सहज मिळतात. ती आधी वाचा.

नियमित लिहायचे असेल, तर डॉसबॉक्स हा जुन्या पीसीचा एम्युलेटर स्वतःच्या संगणकावर बसवून त्याला एखादे फोल्डर जोडावे, म्हणजे आत जतन केलेली फाइल थेट त्या फोल्डरमध्ये येते. ती आजच्या एडिटरमध्ये उघडल्यावर प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसले, तर फाइल खराब झाली असे समजून पुसू नका. जुने वर्डस्टार दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट बदलून ठेवते. सुरुवातीच्या मेनूत डीऐवजी एन निवडून फाइल उघडली, तर साधा मजकूर लिहिला जातो.