घरात आधीच मांजर आणि म्हातारा कुत्रा, त्यात आता नवा कुत्रा: या चुका टाळा

नवा कुत्रा घरी आणायचा मुहूर्त बहुतेक घरांत शनिवार संध्याकाळचा असतो. सुट्टी असते, मुलं नाचत असतात, बघायला आत्या-मामाही आलेले असतात. लिफ्टचं दार उघडतं तेव्हा घरातला जुना कुत्रा चौकटीतच उभा असतो, मांजर फ्रिजवर चढून फुगलेलं असतं आणि मागून कोणीतरी म्हणतं, "अरे, दोस्ती करा की!" मंगळवार उजाडेपर्यंत विषय "याला परत देऊन टाकू का?" इथवर आलेला असतो.

एवढ्यात कोणाचाही स्वभाव बिघडत नाही. बिघडलेली असते ती घरातली व्यवस्था: कोण कुठे खाणार, कुठे झोपणार, कोणी कोणाच्या वाटेत यायचं नाही, हे कोणी ठरवलेलंच नसतं. त्यातून अपेक्षा अशी की सगळे एकाच गादीवर झोपलेला फोटो महिन्याभरात मिळावा. तो फोटो कधीच मिळाला नाही तरी चालतं. प्रत्येक प्राण्याला न घाबरता खाता, झोपता आणि शी-शूला जाता आलं की घर जमलं म्हणायचं.

पहिली भेट दारात

घराचा उंबरठा ही जुन्या कुत्र्याने सर्वात जास्त जपलेली जागा. तिथे दोघांना पट्टे ताणून समोरासमोर उभं केलं की बाजूला व्हायलाही जागा उरत नाही. लिफ्ट त्याहून वाईट. सोसायटीचं पार्किंगही नको, कारण तिथे आधीच दोन-तीन भटक्या कुत्र्यांचं राज्य असतं आणि ती या ओळखपरेडीत न बोलावता सामील होतात.

दोघांना दोन माणसांनी वेगवेगळं बाहेर न्यावं, आणि जुन्याच्या रोजच्या फेरीत नसलेल्या रस्त्यावर भेटावं. पुण्यात बाणेर, पाषाणकडचे नव्या इमारतींमधले रुंद रस्ते सकाळी लवकर रिकामे असतात, ते चांगले. तळजाईच्या टेकडीवर न्यायचं असेल तर रविवार सोडून. समोरून आणायचं नाही. मध्ये पंधरा-वीस फूट ठेवून एकाच दिशेने चालायला लागायचं, पट्टे सैल. थोड्या वेळाने दोघंही एकमेकांकडे बघायचं सोडून जमीन हुंगू लागतात. तेव्हा अंतर थोडं कमी करायचं. शेवटी एकाने दुसऱ्याला मागून हुंगलं तर मनात तीन आकडे मोजायचे आणि "चल" म्हणून पुढे निघायचं. जास्त वेळ थांबलं की अंगं ताठ होतात.

अशा फेऱ्या शक्य असतील तर कुत्रा घरी यायच्या आधीच दोन-चार दिवस करा. दत्तक देणाऱ्या संस्थेला तसं विचारायला लाजू नका, भली संस्था खूशच होईल. आणि घरात शिरण्यापूर्वी थाळ्या, हाडं, खेळणी, जुन्याची गादी, सगळं उचलून ठेवा.

मांजराला "सवय होईल" म्हणणं

मांजर वाट काढून पळू शकलं तर हळूहळू सवयीचं होतं. पळू शकलं नाही तर आजारी पडतं, शी-शूच्या ट्रेबाहेर मुतायला लागतं, किंवा ओरबाडतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस तरी कुत्रा आणि मांजर वेगळ्या खोल्यांत, दार बंद. टू बीएचकेत एक बेडरूम जाते, जाऊ दे. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या खोलीत ठेवायचं आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना खायला द्यायचं. वास आणि जेवण यांची जोडी जुळली की मग दाराऐवजी जाळीचं गेट, तेही कुत्रा पट्ट्यात असताना. या सगळ्याला काही घरांत तीन आठवडे लागतात, काही घरांत चार महिने.

मांजराला जमिनीवरून पळायला लावू नका, कारण पळणारं मांजर बघून पाठलाग न करण्याइतका संयम फार थोड्या कुत्र्यांत असतो. माळा, कपाटांची डोकी, खिडकीचा कट्टा असा वरचा रस्ता करून द्या: भिंतीवर दोन-तीन फळ्या ठोकल्या तरी पुरे. सुतार हसेल, हसू दे.

आणि जातीचा विचार आधी करा. कारवान किंवा मुधोळ हे नजरेने शिकार हेरून धावणारे कुत्रे. माणसांशी ते मऊ असतात, म्हणून गावाकडून हौसेने आणले जातात. पण पिढ्यान्‌पिढ्या सशामागे सोडलेल्या कुत्र्याने मांजरामागे धावू नये ही अपेक्षा अवघड आहे. काही जण मांजरासोबत छान राहतात, विशेषतः पिल्लूपणापासून ओळख असेल तर. तरी त्यांना मांजरासोबत एकटं सोडून ऑफिसला जाणं मला पटत नाही.

कुत्रा शांत आहे का, हे बसण्यावरून ओळखू नका. नजर खिळलेली, तोंड बंद, अंग पुढे झुकलेलं आणि नावाने हाक मारली तरी कान हलत नसेल, तर तो शांत नाही, नेम धरून बसला आहे. हाकेला मान वळवून खाऊ घेत असेल तर पुढे जाता येतं.

गुरगुरल्यावर दटावणं

या एका चुकीने जेवढं नुकसान होतं तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून होत नसेल. म्हातारा कुत्रा गादीवर पडलेला असतो, नवं पिल्लू त्याच्या अंगावर उडी मारतं, म्हातारा गुरगुरतो आणि घरातून आवाज येतो, "ए! लहान आहे ना तो!" म्हाताऱ्याला टपली बसते. असं चार-पाच वेळा झालं की तो गुरगुरणं सोडतो. पण पिल्लाचा त्रास तसाच असतो. मग एके दिवशी तो थेट चावतो आणि सगळे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

गुरगुरणं हा इशारा आहे आणि इशारा देणारा कुत्रा घरात असणं ही चांगली गोष्ट आहे. त्याच्याही आधीचे इशारे दिसायला शिका: ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत बघणं, खाता खाता एकदम गोठणं. यातलं काही दिसलं की ओरडण्याऐवजी पिल्लाला हाक मारून बाजूला घ्या. म्हाताऱ्याला गेटमागे अशी एक जागा द्या जिथे पिल्लू पोचूच शकत नाही. सांधे दुखणाऱ्या बारा वर्षांच्या कुत्र्याला "सोबत होईल" म्हणून दोन महिन्यांचं पिल्लू आणणं मुळात कोणाच्या सोयीचं असतं, हाही प्रश्न विचारून बघावा.

दटावण्याच्या मागे "मालकाने अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, असायला हवं" ही समजूत असते. तिचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या १९४७ च्या अभ्यासात आहे: एकमेकांना अनोळखी प्राणी पिंजऱ्यात एकत्र आले की मारामाऱ्या होतातच. पुढे ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा आई-वडील आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. पण आपल्याकडे अजूनही घरी येऊन कुत्र्याला पाठीवर दाबून धरणारे ट्रेनर भेटतात. फी देण्याआधी त्यांना विचारा की कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, टोचणारा पट्टा किंवा "त्याला त्याची जागा दाखवतो" असं काही आलं तर चहा पाजून निरोप द्या. घाबरून भांडणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मार बसला, तर त्याच्या हिशेबात तो मार दुसऱ्या कुत्र्यामुळेच बसलेला असतो.

ओट्याजवळची गर्दी आणि अरुंद पॅसेज

भांडणं कुठे झाली ते आठवड्याभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. ठिकाणं तीनच निघतात: स्वयंपाकघराचं दार, बाथरूमकडे जाणारा पॅसेज आणि सोफा. वेळाही ठरलेल्या: जेवण आणि दारावरची बेल.

थाळ्या शेजारी शेजारी ठेवून "वाटून खा" शिकवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावून, पंधरा मिनिटं. खाऊन झाल्यावर थाळ्या उचलायच्या आणि मगच दारं उघडायची. मांजराचं खाणं उंचावर ठेवा. कुत्रा ते आवडीने फस्त करतो आणि मग पोट बिघडतं. उलट बाजूनेही काटकसर नको: कुत्र्याच्या खाण्यावर मांजर जगवता येत नाही, त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते कमी पडलं की हृदय आणि डोळ्यांवर परिणाम होतो.

खरी अडचण आजी-आजोबांची असते. पोळ्या लाटता लाटता एक तुकडा याला, एक त्याला, आणि ओट्याखाली तीन तोंडं वर करून उभी. आजींना "देऊ नका" सांगून उपयोग नाही, त्यांचा तो आनंद आहे. त्यांना तुकडे डब्यात साठवायला सांगा आणि कुत्रा बाहेरच्या खोलीत आपल्या चटईवर बसला की तिथे नेऊन द्यायला लावा. पंधरा दिवसांत कुत्रं स्वतःहून चटईवर जाऊन बसतं, आणि श्रेय आजींना मिळतं.

बेलचं भांडण वेगळं. डिलिव्हरीवाला येतो, दोन्ही कुत्रे भुंकत दाराकडे धावतात, बाहेरच्यापर्यंत पोचता येत नाही आणि तो राग शेजारच्या कुत्र्यावर निघतो. यावर साधा उपाय म्हणजे बेल बंद करून फोन करायला सांगणं. मोठा उपाय म्हणजे दारापासून पाच फुटांवर गेट.

खेळ आहे की भांडण असा संशय आला तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरा. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ होता. सोफ्यामागे गेला तर नव्हता.

दुखणं स्वभाव समजणं

दोन वर्षं नीट राहणारा कुत्रा अचानक मांजरावर धावून गेला, तर ट्रेनरच्या आधी व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. कानातला संसर्ग, दातदुखी, कंबरेचे किंवा गुडघ्याचे सांधे: यातलं काहीही असेल तर जवळ येणारा प्रत्येक जण नकोसा होतो. पावसाळ्यात आणि नंतर आपल्याकडे गोचिडतापाचे कुत्रे भरपूर येतात. ताप, खाणं कमी, हिरड्या पांढुरक्या, चिडचिड अशी लक्षणं दिसली तर रक्ततपासणी लगेच करा.

गोचिडीवरून आठवलं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विषारी आहे. तेच औषध थोडं मांजराला लावणं तर नकोच, पण औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटत असेल किंवा त्याला बिलगून झोपत असेल तरी धोका. घरात मांजर आहे हे दुकानदाराला नव्हे, व्हेटला सांगून औषध घ्या.

दोन माद्या असतील आणि नसबंदी झालेली नसेल तर माजाच्या आसपास, म्हणजे साधारण दर सहा-सात महिन्यांनी, ताण वाढतो. माद्यांची भांडणं नरांच्या भांडणांपेक्षा जास्त जखमी करणारी असतात. नसबंदी करून घ्याच, पण भीतीमुळे होणारी भांडणं तिने थांबत नाहीत. वय एक ते तीन या काळात, कुत्रा वयात आल्यावर, आधी जमणाऱ्या जोड्याही बिघडू शकतात.

चुकीचा महिना

गणपतीच्या आधी काही आठवडे नदीपात्रात ढोल-ताशाचे सराव सुरू होतात. कर्वे रस्ता, डेक्कन, शनिवार-नारायण पेठेत रोज संध्याकाळी घरातले कुत्रे आधीच पलंगाखाली असतात. मग मिरवणुका, पुढे दिवाळीचे फटाके. या काळात नवा प्राणी आणू नका. आवाज, पाहुणे, पावसामुळे बुडालेली फेरी हे सगळं एकावर एक साचतं आणि एरवी चालून गेलं असतं त्या गोष्टीवरून दात लागतात. प्राणी आधीच आणला असेल तर त्या दिवसांत गेट पुन्हा लावा, महिनाभर मागे गेल्यासारखं वाटलं तरी.

पोपट आणि ससा असलेल्या घरांना एकच सांगणं: तिथे ओळख करून द्यायचीच नाही, कायम वेगळी खोली. ससा नुसत्या धास्तीनेही दगावू शकतो. आणि तो पोपट आपल्याकडचा हिरवा राघू असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळताच येत नाही, कुत्रा असो वा नसो.

भांडण लागलंच तर

हात मध्ये घालू नका, गळ्यातला पट्टा धरायलाही नाही. घरातली बरीच चावणी अशीच होतात. बादलीभर पाणी, जाड चादर अंगावर टाकणं, मध्ये खुर्ची किंवा प्लायवूडचा तुकडा सरकवणं, स्टीलचं पातेलं आपटणं. सुटल्यावर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा समोर आणू नका. माणसाला दात लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं असलं तरीही. हळद, चुना नको.

काही जोड्या जमतच नाहीत. तेव्हा सकाळी एक बाहेर, दुपारी दुसरा, असं पाळीपाळीने वर्षानुवर्षं चालवणारी घरं आहेत. कंटाळवाणं आहे, पण जनावरं सुखात असतात. बंद जागेत दोघांना आणावंच लागत असेल तर टोपलीसारखं, धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं मुसकं, तेही आधी खाऊ देऊन सवयीचं केलेलं.

तेही जमत नसेल तर एकटाच पाळीव प्राणी म्हणून राहील असं दुसरं घर शोधण्यात कमीपणा नाही. मात्र जाहिरातीत खरं लिहा: मांजर चालत नाही, दुसरा कुत्रा चालत नाही, काय झाल्यावर चावला. लसीकरणाची वही, नसबंदीचा दाखला, महापालिकेचा परवाना सोबत द्या, आणि जमलं नाही तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल हे लिहून घ्या. गाडीत घालून खडकवासल्याच्या रस्त्यावर सोडून येणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे.