झाड तोडण्याची परवानगी मिळाली, तरी घरट्याचे काय? या चुका टाळा

सोसायटीच्या आवारातले झाड आपल्या मालकीचे असल्याने ते आपल्या मर्जीने तोडता येते, ही सर्वांत जुनी चूक आहे. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' खासगी जागेतील झाडांनाही लागू असून त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष मानली जातात. केवळ फांद्या उतरवायच्या असल्या, तरी आधी उद्यान विभागाची परवानगी घ्यावी.

याहून गंभीर चूक परवानगी हातात पडल्यावर होते. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी झाडापुरती असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते, आणि त्यातून ती परवानगी आपल्याला मोकळीक देत नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात 2022 साली महामार्ग रुंदीकरणासाठी चिंचेचे झाड पाडताना बगळ्यांची अनेक पिल्ले मेली, तेव्हा वनखात्याने याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत होते, म्हणजे अनेक पक्ष्यांच्या विणीच्या ऐन काळात. गायबगळे आणि रातबगळे पावसाळ्यात वसाहती करतात, त्यामुळे जूननंतरही धोका टळलेला नसतो. तातडी नसेल, तर त्या झाडावरची वीण पूर्ण होईपर्यंत काम पुढे ढकलणे हाच खरा उपाय आहे.

'खालून पाहिले, घरटे दिसले नाही' हे पुरेसे नाही. राखी धनेश (हॉर्नबिल) या पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बारीक फटीतून भरवतो, त्यामुळे नांदते झाडही रिकामे भासते. म्हणून सकाळी दूर उभे राहून किमान अर्धा तास निरीक्षण करावे: एकाच जागी पुन्हा पुन्हा चारा घेऊन येणारा पक्षी, ढोलीखाली साचलेली विष्ठा व फळांच्या बिया, किंवा वाळक्या फांदीखाली तांबट या ढोली कोरणाऱ्या छोट्या पक्ष्याने पाडलेला ताजा भुसा दिसला, तर ठेकेदाराला बोलावू नये. वाळकी फांदी निरुपयोगी समजून सर्वांत आधी कापली जाते, आणि तांबटाचे घर बहुधा तिच्यातच असते.

काम चालू असताना घरटे सापडल्यास करवत तिथेच थांबवावी. घरटे उचलून शेजारच्या झाडावर ठेवल्यास आईबाप तिथे येतीलच असे नाही, म्हणून तो प्रयोग करू नये. फांदी खरोखर धोकादायक असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तेवढीच काढून उरलेले झाड पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावे. पिल्लू खाली पडले असेल, तर त्याला पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावे.