एशिन की एसिन?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी नायजेरियन नाटककार वोले सोयिंकांच्या ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’वर (१९७५) मी सेमिनार दिला. नायक एलेसिन. ऑनलाइन कोशात ‘एसिन’ शोधलं, अर्थ आला ‘धर्म’. झालं! एलेसिन म्हणजे धर्मनिष्ठ आणि त्याची शोकांतिका म्हणजे श्रद्धेची हार, अशी अकरा पानं ठोकली. परीक्षक बाईंनी एवढंच विचारलं, “मग नाटकाच्या नावात घोडा कुठून आला?”

आजही आठवलं की कान तापतात.

योरुबात, म्हणजे नाटकातल्या माणसांच्या नायजेरियातल्या भाषेत, घोडा म्हणजे एशिन आणि धर्म म्हणजे एसिन. रोमन लिपीत ‘श’साठी ‘एस’खाली टिंब देतात आणि सूर दाखवायला स्वरांवर तिरक्या रेघा. ही चिन्हं गळली की दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि इंग्रजी छपाईत ती सर्रास गळतात. म्हणून चिन्हांसकट स्पेलिंग मिळाल्याशिवाय अर्थाला हात घालू नका. बाळाच्या नावांच्या वेबसाइटी तर उघडूच नका.

दुसरं म्हणजे, एलेसिन हे नाव नाहीच, आपल्याकडच्या पाटलासारखं ते पद आहे: राजाचा घोडेस्वार, आणि राजा गेला की त्याच्यामागोमाग मरणं हे त्याचं कर्तव्य. नाटकातली इयालोजा म्हणजे बाजाराची आई, तेही पदच. एलेसिनच्या नव्या नवरीला तर नावच नाही. स्वतःचं नाव आहे ते इंग्लंडात डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाला, ओलुंदेला. आणि बापाच्या पदाचं कर्तव्य शेवटी तोच पार पाडतो. पदाला नाव समजलात तर ही गोम हातची जाते.

पण घाबरू नका, अर्धी तयारी घरातच झालेली असते. मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्याला दगडू, धोंडू म्हणणारी माणसं आपण. योरुबात अशा मुलाला मालोमो म्हणतात, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’. ओला रोटिमींच्या ‘द गॉड्स आर नॉट टू ब्लेम’ या नायजेरियन नाटकात राजाचा थोरला मुलगा जन्मताच मरायला टाकला जातो. धाकट्याचं नाव अदेरोपो, म्हणजे मुकुटाला बदली मिळाला. पुढे तोच थोरला, ओदेवाले, राजा होऊन बसतो आणि सिंहासनावर डोळा असल्याचा संशय घेतो तो नेमका याच अदेरोपोवर. इथे खुशाल दोन पानं लिहा.

सगळीकडे मात्र असं खणत बसू नका. आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. घानाच्या अमा अटा आयडूंच्या ‘अनोवा’ नाटकातला कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा, बस्स. मी त्याच्यावरही एक परिच्छेद पाडला होता. गाइडनी न बोलता त्यावर आडवी रेघ मारली.