बॉल पायथनचं अंडं अडकलं तेव्हा

आमच्या दादरच्या घरातली बॉल पायथन (आफ्रिकेतल्या लहान अजगराची मादी) एकटीच असते. नर नसला तरी मादी वांझ अंडी घालू शकते. अंड्यांआधीची कात टाकली की साधारण महिनाभरात ती येतात. हिने काही घातली आणि थांबली. शेपटीच्या जरा वर एक टणक फुगवटा तसाच राहिला.

धाकटा म्हणाला, "दादा, तेल लावून हळूच पुढे ढकलू या का?" अजिबात नाही! दाबलं तर अंडं आतच फुटतं, नाहीतर अंडनलिका फाटते. एसी बंद केला, उबेच्या बाजूला 31-32 अंश राखलं, ओलं शेवाळ भरलेला झाकणाचा डबा ठेवला. तरी फुगवटा हलेना.

कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर साप बघत नाहीत, म्हणून आधी फोनवर विचारून घेतलं. मग उशीच्या अभ्र्यात तिला घालून, गाठ मारून, टॅक्सीने नेलं. एक्स-रेत एकच मोठं अंडं दिसलं. अंडं बाहेर ढकलायला मदत करणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सापांत भरवशाचं नसतं, त्यामुळे डॉक्टरांनी भूल देऊन सुईने अंड्यातला दाट पिवळा द्रव ओढून घेतला. चुरगळलेलं कवच नंतर तिने स्वतःच बाहेर टाकलं. शस्त्रक्रिया टळली.

नोंदणीचा कागद मी सोबत नेला होता. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्य जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. (धामण किंवा देशी अजगर पाळणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच.) उंदीर खायला तिने बराच वेळ घेतला, आम्हीही लहानच देतोय.