402 वजा 178: वहीतल्या एका चुकीपासून कृतिसंशोधन

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण शोधून, उपाय करून त्याचा परिणाम तपासणं, म्हटलं की आपण आधी शीर्षक शोधायला बसतो आणि तिथेच काम अडतं. माझं ऐका, वहीतल्या एका चुकीपासून सुरुवात करा.

मालवणजवळच्या आमच्या शाळेत तिसरीत 11 मुलं. 402 वजा 178 याचं उत्तर एकीने 376 लिहिलं होतं. तिला जवळ बसवून म्हटलं, “कसं केलंस ते बोलून दाखव.” ती म्हणाली, “बाई, मोठ्यातसून ल्हान काढूचा, तुमीच सांगलास मां!” खरंच, पहिलीत हे वाक्य मीच शिकवलं होतं. मोठा अंक वर असो की खाली, ती मोठ्यातून लहानच काढणार. चुकीचं हे मूळ गुणपत्रिकेत कधी सापडलं नसतं.

मग सगळ्यांना तशाच 10 वजाबाक्या दिल्या. वह्या गुणांप्रमाणे लावू नका, चुकीच्या प्रकाराप्रमाणे लावा. काही जण मोठ्यातून लहान काढत होते, तर काही शतक मोडून थेट एककाला देत होते आणि दशकाचं शून्य तसंच ठेवत होते. दोन्हींचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

उपाय एकच निवडा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. मी माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांतल्या काड्या घेतल्या. दहा हिरांची जुडी, दहा जुड्यांचा भारा. 402 म्हणजे चार भारे आणि दोन सुटे हीर. आठ सुटे काढायचे तर आधी भारा सोडायचा, मग त्यातली एक जुडी. गाठ सोडताना मुलांच्या तोंडून आपसूक येतं, “आता नऊ जुड्या उरल्या.”

रोज 20 मिनिटं, चार आठवडे. शाळा सुटल्यावर डायरीत दोन ओळी: आज कोण कुठे अडलं. काळ मात्र जपून निवडा. भातलावणीत हजेरी कमी असते आणि गणपतीत तर वर्गच रिकामा होतो. मी दिवाळीनंतर घेतलं.

शेवटी हीर बाजूला ठेवून तेवढ्याच कठीण नव्या वजाबाक्या द्या, आणि पेपर सहकाऱ्याकडून तपासून घ्या. आपल्याच मुलांना आपण नकळत सूट देतो. 11 मुलांच्या वर्गात टक्केवारी काढू नका, किती मुलं ते सरळ लिहा. निम्म्या मुलांना तुलनेसाठी उपायाविना ठेवणं मला पटत नाही. आधीची आणि नंतरची वही पुरते. अहवालात मुलांची नावं नकोत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. माझ्या मते वर्गातली ही चौकशी त्यातला सर्वांत उपयोगी भाग. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये मांडलेलं कृतिसंशोधनही असंच फिरतं: आखणी, कृती, पडताळणी, पुन्हा आखणी.

माझी दोन मुलं अजून 1000 मधून वजा करताना अडतात. भाऱ्यांचा भारा बांधायला सोमवारी जास्तीचे हीर आणायला सांगितलेत.