थरांमधलं चुंबकीय कपलिंग दिसत नाही? या चुका टाळा

कोबाल्ट-तांबं किंवा लोह-क्रोमियमचे थर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून फिल्म बनवण्याच्या पद्धतीने) चढवले, लूप (बाहेरचं क्षेत्र बदलताना फिल्मचं चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) मोजला, आणि तो साध्या चौकोनी फेरोमॅग्नेटिक फिल्मसारखा आला. पवई, कलिना, कुलाबा, ट्रॉम्बे, मुंबईत पातळ फिल्मवर काम करणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. लगेच ‘कपलिंग नाही’, म्हणजे चुंबकीय थर मधल्या थरातून एकमेकांशी जोडलेले नाहीत, असं लिहून मोकळं होऊ नका. बहुतेकदा ते असतं, पण दुसऱ्या कशाने तरी झाकलेलं असतं.

पहिली चूक जाडीची. शेजारचे चुंबकीय थर समांतर राहणार की उलट, हे मधल्या स्पेसरच्या (तांबं किंवा क्रोमियमच्या थराच्या) जाडीवर ठरतं आणि जाडी वाढेल तसं आलटून-पालटून बदलतं. भौतिकशास्त्रज्ञ स्टुअर्ट पार्किन यांनी 1990 मध्ये हे दाखवलं. आवर्तन बहुतेक धातूंत सुमारे 1 नॅनोमीटरचं. कोबाल्ट-तांब्यात उलट जोडणीची पहिली शिखरं 0.9 आणि 2 नॅनोमीटरच्या आसपास येतात. म्हणजे तीन-चार दशांश नॅनोमीटर चुकलात की शिखर हातचं गेलं. क्वार्ट्झ मॉनिटरच्या (थर चढताना जाडी सांगणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबू नका. एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटीने (क्ष-किरणांच्या परावर्तनावरून) जाडी तपासा. शक्य असेल तर स्पेसर पाचरीसारखा उतरता चढवा, एकाच नमुन्यावर सगळ्या जाड्या मिळतात. क्रोमियममधलं दोन अणुथरांचं बारीक आवर्तन 1991 मध्ये अशाच पाचरीवर उघड झालं. खडबडीत फिल्ममध्ये ते पुसलं जातं.

आता सर्वांत फसवी चूक. सिलिकॉन सबस्ट्रेट (फिल्मखालचा आधार) डायमॅग्नेटिक, म्हणजे क्षेत्राला किंचित विरोध करणारा, असल्याने लूपला खाली जाणारा उतार देतो, आणि आपण टोकांना सरळ रेषा बसवून तो वजा करतो. पण उलट जोडलेले थर हळूहळू फिरत असतात, त्यामुळे त्यांचा वर जाणारा भागही सरळ रेषेसारखाच दिसतो! रेषा वजा केली की कपलिंगही गेलं. भौतिकशास्त्रज्ञ आल्बेर फेर यांच्या गटाच्या 1988 च्या लोह-क्रोमियम नमुन्यात 0.9 नॅनोमीटर क्रोमियमला संपृक्ततेसाठी (सगळे थर क्षेत्राच्या दिशेने वळायला) सुमारे 2 टेस्ला लागले होते. अर्ध्या टेस्लापर्यंत मोजणाऱ्याला तिथे काय दिसणार? कोऱ्या सिलिकॉनचा तेवढ्याच आकाराचा तुकडा वेगळा मोजा, आणि क्षेत्र पुरेसं वर न्या.

स्पेसरमध्ये भोकं राहिली, तर दोन्ही थर थेट चिकटून समांतर होतात. खडबडीत पृष्ठभागावर भौतिकशास्त्रज्ञ नेएल यांच्या नावाचं ‘ऑरेंज पील’ (संत्र्याच्या सालीसारख्या लाटांमुळे होणारं) कपलिंगही समांतरच ओढतं, आणि ते लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढतं. म्हणून बफर थर (सबस्ट्रेटवरचा पहिला थर) आणि आर्गॉनचा दाब आधी सुधारा.

रिमनन्स (क्षेत्र शून्यावर आणल्यावर उरणारं चुंबकन, संपृक्त चुंबकनाच्या तुलनेत) 0.7 च्या जवळ आला तर जरा थांबा. त्रिस्तरात (दोन चुंबकीय थर आणि मधे स्पेसर) दोन थर 90 अंशांत असले की हाच आकडा येतो (बायक्वाड्रॅटिक कपलिंग), आणि नमुन्याचा काही भाग भोकांमुळे समांतर झाला तरीही येऊ शकतो. नुसता लूप हे ठरवू शकत नाही. अनेक थरांच्या नमुन्यासाठी ध्रुवित न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमेट्रीचा (न्यूट्रॉनच्या परावर्तनावरून थरांची चुंबकीय रचना पाहण्याच्या पद्धतीचा) आग्रह धरा. ती सोय ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअ‍ॅक्टरवर आहे. उलट जोडणीत चुंबकीय आवर्तन दुप्पट होतं, म्हणून परावर्तनाच्या आलेखात अर्ध्या क्रमांकाचं शिखर दिसतं.

मुंबईच्या पावसाळ्यात कोबाल्ट उघडा ठेवू नका. त्याचा ऑक्साइड सुमारे 291 केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे अणुचुंबक एकमेकांच्या उलट असलेला) होतो. आपल्या खोलीच्या तापमानाला काहीच जाणवत नाही, पण क्षेत्रात थंड केल्यावर लूप बाजूला सरकतो आणि त्याला लोक थरांमधलं कपलिंग समजतात. वर टँटलम किंवा प्लॅटिनमचं 3 ते 5 नॅनोमीटरचं आवरण द्या, नमुने डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

शेवटी कपलिंगच्या ताकदीचा, म्हणजे J चा, हिशेब. सारख्या जाडीच्या दोन थरांसाठी संपृक्तता क्षेत्र 2J भागिले (चुंबकन गुणिले जाडी), तर अनेक थरांच्या नमुन्यात 2 च्या जागी 4, कारण आतल्या प्रत्येक थराला दोन शेजारी असतात. दुसऱ्यांच्या J शी तुलना करण्याआधी त्यांनी यातलं कोणतं सूत्र वापरलंय ते पाहा.