डेटाबेसची कोणती व्हर्जन्स सपोर्ट करायची? या चुका टाळा

‘मायएसक्यूएल ५.७ किंवा त्यापुढचं’ अशी डेटाबेसबद्दलची ओळ आपल्याकडच्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात असते. ती कुणी लिहिली आणि ‘त्यापुढचं’ म्हणजे कुठवर, असं विचारलं की टीममधले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. लातूर-नांदेडच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांना, पतसंस्थांना, क्लासवाल्यांना सॉफ्टवेअर देणारी चार-पाच जणांची टीम असेल, तर ही ओळ महागात पडते. यादीत एक व्हर्जन वाढलं की दर रिलीजला टेस्टिंग वाढतं, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की एक माणूस दिवसभर अडकतो.

‘चालतंय की’ म्हणजे सपोर्ट नव्हे

जुन्या सर्व्हरवर एरर येत नाही, एवढ्यावरून त्याचं नाव यादीत घालणं ही सगळ्यात मोठी चूक. मायएसक्यूएल ५.७ चेक कन्स्ट्रेंट (कॉलममध्ये काय चालेल याची टेबलवर लिहिलेली अट) निमूटपणे वाचतं आणि सोडून देतं. ती खरोखर लागू होते ८.०.१६ पासून. म्हणजे ‘वजन शून्यापेक्षा जास्तच हवं’ असा नियम तुम्ही टेबलवर लिहिला, तरी ५.७ वर उणे वजनाची नोंद सुखानं आत जाते आणि शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर छापून येते. पुढं ८.० वर टेबलं नव्यानं बनवून जुना डेटा भरायला घेतला की तीच नोंद आडवी येते. शिव्या मात्र नव्या सर्व्हरला.

उलटंही होतं. ५.७ वर बिनबोभाट चालणारी क्वेरी ८.० वर सिंटॅक्स एरर देते. लातूरच्या क्लासच्या सॉफ्टवेअरमधल्या निकालाच्या टेबलात ‘रँक’ नावाचा कॉलम हमखास सापडतो. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावर क्रमांक, बेरीज काढणारी फंक्शन्स) आली आणि ‘रँक’ हा राखीव शब्द होऊन बसला. एररच्या ओळीत ‘नियर’च्या पुढं हाच शब्द दिसला तर कॉलमच्या नावाला दोन्ही बाजूंनी बॅकटिक (`) लावा, हाताशी वेळ असेल तर नावच बदला.

म्हणून दर रिलीजला ज्या व्हर्जनवर टेस्ट आपोआप चालतात, तेवढीच यादीत ठेवा. बाकीच्यांबद्दल ‘चालेल बहुतेक’ हे फोनवर बोलायला ठीक आहे, कागदावर नको.

मारियाडीबीला मायएसक्यूएल समजणं

झॅम्प, म्हणजे वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवून देणारं पॅकेज. त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, पण २०१५ पासून आत मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला वेगळा डेटाबेस आहे. संभाजीनगरच्या कॉलेजांतून आलेली पोरं झॅम्पवरच शिकलेली असतात, त्यामुळं हा घोळ डेव्हलपरच्या मशीनपासूनच सुरू होतो. जेसनच्या (नाव-किंमत अशा जोड्यांत डेटा ठेवणाऱ्या) कॉलमवर मायएसक्यूएलमध्ये चालणारी बाणाची खूण (->) मारियाडीबीला कळत नाही. तिथं ‘जेसन_एक्स्ट्रॅक्ट’ लिहावं लागतं. शिवाय मारियाडीबीचा जेसन प्रकार म्हणजे आतून लाँगटेक्स्टच, साधा लांब मजकूर. दोन्ही वेगळे डेटाबेस धरा, दोन्हींवर वेगळ्या टेस्ट चालवा, नाहीतर एकाचं नाव काढून टाका. छोट्या टीमला मी एकाचं नाव काढायलाच सांगेन.

इन्स्टॉलर व्हर्जन तपासत असेल तर दोन गोष्टी बघा. मारियाडीबी १०.x कनेक्शन होताना आपल्या नंबराआधी ‘५.५.५-’ जोडून पाठवतं. त्यामुळं ‘तुमचा सर्व्हर जुना आहे’ असा खोटा इशारा येतो. ‘सिलेक्ट व्हर्जन’ ही क्वेरी मारली की खरा नंबर दिसतो. दुसरं, नंबरांची तुलना मजकूर म्हणून करू नका. अक्षरांच्या हिशोबात १०.६ हे ५.७ पेक्षा लहान ठरतं.

फक्त मूळ कंपनीची तारीख बघणं, किंवा अजिबात न बघणं

मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० चा एप्रिल २०२६ पर्यंत. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं प्रत्येक मोठं व्हर्जन पाच वर्षं चालतं आणि नोव्हेंबरात निरोप घेतं: तेरावं व्हर्जन नोव्हेंबर २०२५ मध्ये, चौदावं नोव्हेंबर २०२६ मध्ये. आता हे मोंढ्याच्या कॅलेंडरशेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे सोयाबीनची आवक, दसरा-दिवाळी. त्या दिवसांत आडत्याच्या सर्व्हरला हात लावला आणि ‘साहेब, पट्टी निघंना’ असा फोन आला, तर पुढच्या वर्षीचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) विसरा.

तेव्हा आपली तारीख आधीची ठरवा. गुढीपाडव्याला गिऱ्हाइकांना लेखी कळवा, पोळ्याच्या आत अपग्रेड उरका. जँगो ही वेबसाइट बनवायची पायथनमधली चौकट. ती बनवणारे असंच करतात: पोस्टग्रेसचं बारावं व्हर्जन नोव्हेंबर २०२४ पर्यंत जिवंत होतं, पण ऑगस्ट २०२४ ला आलेल्या जँगो ५.१ मधूनच त्यांनी ते वगळलं. जुन्यावर अडलेल्यांसाठी जँगो ४.२ होतंच.

तुमच्याकडंही कुणीतरी सर्व्हर बदलणार नाही. त्याला नव्या रिलीजमध्ये कोंबू नका. शेवटची जुनी रिलीज द्या आणि तिच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते एएमसीच्या कागदावर लिहा. त्यानंतरचं काम वेगळ्या दरानं.